भिंतीआडच्या मुरमाची तपासणी व्हावी

महोदय,

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक परिसरात रस्त्यांची कामे वेगाने चालू असताना, उड्डाणपुलांच्या पोचरस्त्यांना आधार देणाऱ्या जिओग्रिडच्या (भरावात अंथरायच्या पॉलिमरच्या जाळीच्या) भिंतींविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. माझी सारी नोकरी माती तपासणीत गेली.

बाहेरून दिसणारे काँक्रीटचे पॅनेल म्हणजेच भिंत, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात फ्रेंच अभियंते ऑन्री विदाल यांनी १९६० च्या दशकात पुढे आणलेल्या या तंत्रात भार पेलतो तो थराथराने दाबलेला भराव आणि त्यात आडवे अंथरलेले मजबुतीकरण, आणि त्या दोहोंतील पकड घर्षणावर अवलंबून असते. म्हणूनच अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या निकषांत ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गळणारा बारीक अंश १५ टक्क्यांपर्यंत आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीचा चिकटपणा दाखवणारा अंक) ६ पर्यंतच चालतो. आपल्याकडची काळी माती यात बसतच नाही. मुरूमही एकाच खाणीत वरच्या थरात चिकट आणि खाली दाणेदार निघतो. एका कामावर खाणीचा मंजूर नमुना उत्तम होता, परंतु गाड्यांतून उतरलेला मुरूम मुठीत दाबला की त्याचा गोळा होत असे. दुसऱ्याच पावसाळ्यात तिथले पॅनेल बाहेर फुगले, कारण अशा भरावात मुरलेले पाणी लवकर निघत नाही, त्याचा दाब वाढतो आणि घर्षण घटते.

जिओग्रिडच्या वेष्टनावर छापलेली ताकदही जशीच्या तशी धरता येत नाही. सतत ताणाखाली पॉलिमर हळूहळू लांबत जातो, त्यामुळे १०,००० तासांच्या क्रीप चाचणीवरून (हे लांबणे मोजणाऱ्या चाचणीवरून), आणि अंथरताना अणकुचीदार खड्यांनी होणारी इजा वजा करून, संकल्पनाची (डिझाइनची) ताकद ठरवावी लागते. पॅनेलजवळच्या सुमारे दीड मीटर पट्ट्यात जड रोलर नेता येत नाही, तेथे हलक्या यंत्राने पातळ थर दाबावे लागतात. दाबणीची चाचणी नेमकी तिथेच टाळली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे.

दिंडोरी रस्त्यावर मेरीसारखी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था आपल्याच शहरात आहे. भरावाचे नमुने खाणीतून न घेता कामावर उतरलेल्या गाड्यांतून घेऊन तेथे तपासावेत, जिओग्रिडची उपसण चाचणी (जाळी ओढून भरावाची पकड मोजणारी) त्याच मुरमात करावी, आणि पॅनेलमागील, पाण्याचा निचरा करणारा गाळणी थर झाकण्यापूर्वी हे निकाल कामाच्या फलकावर लावावेत, अशी माझी संबंधित विभागांना विनंती आहे.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नाशिक रोड