निवड देवाची, मग यादी तुमच्याकडे कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत ख्रिस्ती धर्मावर लेख आला होता, त्यात असं म्हटलं होतं की ख्रिश्चनांचा देव माणूस जन्मायच्या आधीच ठरवून टाकतो कुणाला तारायचं आणि कुणाला नाही, आणि ज्यांना निवडलं नाही त्यांच्यावर त्याचा राग कायमचा. त्यावरून आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. निम्मे म्हणतात हे धादांत खोटं, संपादकांना निषेधाचं पत्र पाठवा, आणि आमच्यातलीच काही तरुण मंडळी म्हणतात खोटं काय त्यात, बरोबरच लिहिलंय की! मी निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवायचे, शिवाय संडे स्कूलमध्ये बरीच वर्षं मुलांना शिकवलंय, त्यामुळे मला गप्प बसवेना. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर मधलं कापा पण आजीबाईंचा भाग कापू नका.

आधी लेखकांना सांगते. तुम्ही जे लिहिलंय ते ख्रिस्ती विचारातल्या एका बाजूचं मत आहे आणि तेही अर्धवट. बायबलमध्ये दोन्ही गोष्टी आहेत. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात माणूस आपल्या पापांत मेलेला आहे, स्वभावानेच देवाच्या क्रोधाखाली आहे असं स्पष्ट आहे. रोमकरांच्या पत्रात नवव्या अध्यायात याकोब आणि एसाव ही जुळी भावंडं जन्मायच्या आधीच देवाने एकाला निवडलं असं आहे, कुंभार आणि मातीचा दाखला आहे. आणि त्याच बायबलमध्ये यहेज्केल संदेष्टा सांगतो की दुष्टाच्या मरणाने देवाला संतोष होत नाही, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे की सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. आता ही दोन्ही वचनं एकाच पुस्तकात म्हटल्यावर भांडण होणारच, आणि ते सोळाशे वर्षं चाललंय.

पाचव्या शतकात ऑगस्टीन विरुद्ध पेलाजियस असं दोन धर्मपंडितांचं भांडण झालं. पेलाजियसचं म्हणणं माणसाने मनावर घेतलं तर तो चांगलं वागू शकतो, ऑगस्टीन म्हणाला मनावर घ्यायलाही देवाची कृपाच लागते. 529 साली फ्रान्समध्ये ऑरेंज नावाच्या गावी बिशप जमले, त्यांनी ऑगस्टीनची बाजू घेतली, कृपेशिवाय सुरुवातच होत नाही म्हणाले, पण देव कुणाला वाईटासाठी आधीच नेमतो असं जो म्हणेल त्याचा धिक्कार, असंही त्याच ठरावात लिहून ठेवलं. हे दुसरं वाक्य आमच्या तरुणांना कुणी सांगतच नाही.

मग सोळाव्या शतकात येतो कॅल्व्हिन, निवड सर्वस्वी देवाची म्हणणारा प्रोटेस्टंट सुधारक, आणि त्याच्यानंतर हॉलंडमधला आर्मिनियस. आर्मिनियस 1609 ला वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच मुद्द्यांचा अर्ज सरकारला दिला की देवाची निवड ही माणूस विश्वास ठेवणार हे आधी जाणून केलेली आहे, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, वगैरे. त्याला उत्तर द्यायला 1618-19 मध्ये डॉर्ट शहरात मोठी सभा भरली, आर्मिनियसवाले हरले, दोनशेच्या आसपास पाळकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि त्यात राजकारण किती होतं बघा, सभा संपली त्याच महिन्यात, 1619 च्या मे महिन्यात, त्यांची बाजू घेणाऱ्या ओल्डनबार्नेव्हेल्ट नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या मुत्सद्द्याचं भर चौकात डोकं उडवलं. ह्यूगो ग्रोशियस हा दुसरा, मोठा कायदेपंडित, त्याला जन्मठेप झाली, तर त्याच्या बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटीत घालून किल्ल्यातून बाहेर काढलं. (आपला आग्र्याचा पेटारा आठवतो की नाही!) सांगायचा मुद्दा हा की ज्या पाच मुद्द्यांवर आज मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघून बाह्या सरसावतात ते मुद्दे शांतपणे देवघरात बसून ठरलेले नाहीत.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना हे परकं वाटायचं कारण नाही. दक्षिणेतल्या रामानुजांच्या वैष्णवांमध्ये हाच वाद आहे, माकडीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून बसतं आणि मांजरीच्या पिल्लाला आईच मानेला धरून उचलते, तर भक्त यातला कुठला, आणि त्यावरून त्यांचे वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ पडलेत. म्हणजे कृपा म्हटलं की हा प्रश्न येतोच, मग देव कुठलाही असो.

आता पापांत मेलेला माणूस म्हणजे काय त्याबद्दल. कॅल्व्हिनवाले म्हणतात मेलेला माणूस हाक ऐकू शकत नाही, लाजर चार दिवस थडग्यात होता, तो काय स्वतः ठरवून उठला? येशूने हाक मारली तीच त्याला जिवंत करणारी होती. मला हे पटतं, खरं सांगते. माझ्या स्वतःच्या विश्वासाची सुरुवात मी केली असं मला कधीच वाटलं नाही. पण समोरचे आर्मिनियसवाले लूकचा पंधरावा अध्याय काढतात, उधळ्या पुत्राचा बाप म्हणतो ना की हा माझा पुत्र मेला होता, आणि तो मेलेला मुलगा डुकरांच्या कोंड्यापाशी बसून भुकेने कळवळत बापाच्या घरची भाकरी आठवत होता, शुद्धीवर आला, उठला आणि चालत घरी गेला. मग हा कसला मेलेला? दोन्ही दाखले येशूच्याच नावावर, एक त्याने करून दाखवला आणि दुसरा सांगितला. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. आर्मिनियसवाल्यांच्या त्या 1610 च्या अर्जातही लिहिलंय की माणूस स्वतःच्या बळावर काहीही चांगलं करू शकत नाही, कृपा आधी यावी लागते. वाद एवढाच की ती कृपा नाकारता येते का. तेव्हा जो कुणी ऊठसूट मेथॉडिस्टांना (म्हणजे आर्मिनियसच्याच बाजूच्या वेस्लीच्या पंथाला) म्हणतो की तुम्ही स्वतःच स्वतःला तारता, त्याने तो अर्ज वाचलेला नाही.

आता आजीबाईंचं. वानवडीत एका फ्लॅटमध्ये बायबल स्टडी असते, मी जाते कधीमधी. शिकवणारा मुलगा हिंजवडीला आयटीत, हुशार, मनापासून शिकवतो, पण जिथून शिकला तो सगळा अमेरिकन व्हिडिओंचा माल. त्याने व्हाइटबोर्डवर उभी पाच इंग्रजी अक्षरं लिहिली, ट्यूलिप, एकेका अक्षराचा कॅल्व्हिनवाल्यांचा एकेक सिद्धांत. (हे फुलाचं नाव डॉर्टच्या सभेत नव्हतं बरं का, ते विसाव्या शतकातलं, आणि डॉर्टच्या ठरावांचा क्रमही वेगळा आहे, तिथे निवड पहिली येते.) एक आजीबाई कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर भजनाचं पुस्तक. त्यांनी विचारलं, बाळा, माझी आई दरवर्षी पंढरीला चालत जायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिने येशूचं नाव ऐकलंच नाही कधी, ती गेली, मी नंतर प्रभूत आले, तर तिचं काय? मुलगा म्हणाला, आजी, रोमकर नऊ वाचा, देवाने तिला निवडलं असतं तर तिला शुभवर्तमान ऐकायला मिळालं असतं, आणि पुढच्या अक्षराकडे वळला. आजीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुस्तक पिशवीत घातलं आणि चहा यायच्या आधी उठून गेल्या.

मला त्या मुलाचा सिद्धांत नाही खटकला, त्याचं उत्तर खटकलं. कारण ते उत्तर त्याच्या स्वतःच्या बाजूच्या लोकांनीही दिलं नसतं. वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्रक घ्या, 1640 च्या दशकातला, कॅल्व्हिनवाल्यांचा अगदी कडक दस्तऐवज. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात शेवटी लिहिलंय की पूर्वनियोजन, म्हणजे देवाने आधीच निवडणं, हे गहन रहस्य आहे, ते खास जपून आणि काळजीने हाताळावं. दहाव्या प्रकरणात म्हटलंय की तान्हेपणी मेलेली निवडलेली बालकं आणि ज्यांना वचनाची हाक बाहेरून ऐकूच येऊ शकत नाही असे दुसरे निवडलेले लोक, त्यांनाही देव तारतो, त्याचा आत्मा त्याला वाटेल तेव्हा, तिथे आणि तसं काम करतो. म्हणजे इतक्या कडक लोकांनीही दार लावून घेतलं नाही, आणि आपण वानवडीत बसून लावतोय. खुद्द कॅल्व्हिन देवाच्या या आधीच घेतलेल्या निर्णयाला भयंकर म्हणतो, आणि यात नको तितकं डोकावणारा चक्रव्यूहात शिरतो, बाहेर येत नाही, असं त्याने बजावलंय. त्याच्या ग्रंथाच्या शेवटच्या आवृत्तीत हा विषय तिसऱ्या भागात येतो, कृपा, विश्वास, प्रार्थना हे सगळं सांगून झाल्यावर. आमची मुलं तिथूनच सुरुवात करतात.

आणि रोमकर नऊच वाचायचा तर पहिल्या ओळीपासून वाचा ना. पौल सुरुवातीला काय म्हणतो, माझ्या भाऊबंदांसाठी माझ्या मनात अखंड वेदना आहे, त्यांच्याऐवजी मीच ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल. दहाव्याच्या सुरुवातीला तो त्याच लोकांच्या तारणासाठी प्रार्थना करतो. निवडीवरचं सगळ्यात कठीण प्रकरण लिहिणारा माणूस कुणाचंही नाव यादीतून खोडत नाहीये, तो रडतोय. नववा अध्याय मला गुळगुळीत करून वाचायचा नाही, तो कठीण आहे तो आहेच, पण त्यातलं कुंभाराचं वाक्य उचलून एका म्हातारीच्या मेलेल्या आईवर मारणं याला शास्त्र नाही म्हणत.

आता देवाचा राग. लेखकांना हा शब्द फार खटकलाय आणि आमच्यातल्या काही शहाण्यांनाही, ते म्हणतात देव म्हणजे फक्त प्रेम, रागाचं काही बोलू नका. मी नगरकडची. तिकडे काम करणारं अमेरिकन मराठी मिशन मुळात कॅल्व्हिनच्याच वळणाचं, त्यामुळे निवड, क्रोध, कृपा हे शब्द आमच्या आजोबांनी ऐकलेलेच होते, आज व्हिडिओतून नव्याने नाही आले. ते कुठल्या कानाने ऐकले हे महत्त्वाचं. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, ज्याची सावली चालत नव्हती, त्याला कशावरच न रागावणारा देव काय कामाचा? अन्यायावर देवाला संताप येतो हे ऐकून त्याची पाठ ताठ झाली. आणि निवड! बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून नाही निवडलं, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. करिंथकरांना पौल लिहितो की जगातलं दुर्बळ, हीनदीन, तुच्छ मानलेलं देवाने निवडून घेतलं. ज्याला कुणी पंगतीला कधी बोलावलं नाही त्याला कळलं की आपल्याला बोलावणं आहे. हा आमच्या घरातला निवडीचा अर्थ होता आणि त्याच घरांतली नातवंडं आज तोच सिद्धांत घेऊन दुसऱ्याला पंगतीतून उठवतायत, याचा मला खरा राग आहे.

शिवाय इफिसकरांत क्रोधाचं जे वाक्य आहे ते वाचा नीट, पौल म्हणतो आपणही, इतरांप्रमाणेच. स्वतःला आत धरून बोलतोय तो. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, पण देव दयेने संपन्न आहे. रोमकरांच्या पहिल्या अध्यायात तर देवाचा क्रोध म्हणजे वीज पडली, भूकंप झाला असं काही नाही, माणसाला जे हवं होतं त्याच्याच हवाली देवाने त्याला केलं असं तीनदा आलंय. हे वाचून शेजाऱ्याकडे बोट दाखवायला हात कसा उठतो?

बाकी भांडून एकत्र राहता येतं हे आपल्याकडेच दिसतं. जॉन वेस्ली आणि कॅल्व्हिनच्या बाजूचा जॉर्ज व्हाइटफील्ड, दोघं इंग्लंडमधले उपदेशक, जिवलग मित्र, 1739 ला वेस्लीने निवडीच्या सिद्धांताविरुद्ध कडक उपदेश केला, व्हाइटफील्डने छापील पत्रातून तितकंच कडक उत्तर दिलं, आणि 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनला स्मरणाचा उपदेश वेस्लीने केला. त्याच वर्षापासून बरोबर दोनशे वर्षांनी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि वेस्लीच्या परंपरेतले ब्रिटिश मेथॉडिस्ट दोघंही आले, आज पुण्यात एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात, कुणी विचारत नाही तू कुठला. कॅथलिकांमध्ये जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांचं याच विषयावर रोमला वर्षानुवर्षं भांडण चाललं, शेवटी 1607 मध्ये पाचव्या पॉल पोपने निकाल न देताच दोघांना घरी पाठवलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही अशी तंबी दिली. मला तो पोप आवडतो.

संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापायच्या आधी बिबवेवाडीला प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला कॅथलिकांची पेपल सेमिनरी आहे, तिथे एकेक फोन करा, दोघांची मतं जुळणार नाहीत, ती न जुळणारीच शेजारी शेजारी छापा. आणि आमच्या त्या आयटीतल्या मुलाला हे पत्र मी दाखवणार आहे, छापून आलं तर कात्रण, नाही आलं तर हीच प्रत. आजीबाई भैरोबा नाल्याजवळ राहतात, त्यांच्या घरी त्याने स्वतः जावं, मी सोबत येईन.

आपली,
एक वाचक, वानवडी, पुणे