नाव दोनदा विचार

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहाटे चारला मी निघतो तेव्हा तू झोपेत असतेस, रात्री तू येतेस तेव्हा माझा डोळा लागलेला. म्हणून हे पत्र तुझ्या पिशवीत ठेवतोय.

विद्यापीठात पत्रकारितेला तुझा नंबर लागल्याचं कळलं तेव्हा मी ठाणे स्टेशनबाहेर पुरवण्या भरत बसलो होतो. शेजारच्या तिघांना लगेच सांगितलं. सत्तावीस वर्षं पेपरची लाईन टाकतोय, नौपाड्यातले किती जिने चढलो. पण पेपरात लिहिणारं आपल्या घरात कुणी नव्हतं.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला 'दर्पण' काढलं, एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' काढलं, ज्यांचं गाऱ्हाणं कुणी छापत नव्हतं त्यांच्यासाठी. हे मन लावून वाच. कॅमेरा, एडिटिंगही शीक, त्यावाचून आता भागत नाही.

तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. काकाचा घोडबंदर रोडला अपघात झाला, पाय मोडला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मेलेल्यांमध्ये त्याचं नाव. तो पेपर पहाटे मीच घरोघरी टाकला होता, न उघडता. सातला गावाहून आजीचा फोन आला. तिला बोलताच येईना, नुसता श्वास ऐकू येत होता. गेलेला आणि जखमी, अशा दोन नावांची अदलाबदल झाली होती. म्हणजे दुसऱ्या एका घरात आपला माणूस वाचला असंच त्या सकाळी वाचलं असणार. ते घर माझ्या मनातून अजून जात नाही. इस्पितळात एक फोन केला असता तर हे टळलं असतं. दुरुस्ती चौथ्या दिवशी आली, जाहिरातीखाली, तीन ओळींत.

म्हणून नाव दोनदा विचार, अगदी ऱ्हस्व-दीर्घासकट. पोलिसांकडून घे, पण घरच्यांनाही विचार. कागद कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाक. २००५चा कायदा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तोवर दुसऱ्याने बातमी आधी दिली तर देऊ दे.

कुर्ल्याला पश्चिमेला उतर, कालिन्याची बस तिथून मिळेल. फीच्या दुसऱ्या हप्त्याचं मी बघतो.

त्या तीन ओळींचं कात्रण सोबत ठेवलंय. जपून उघड, घडीवर फाटायला आलंय.

तुझे बाबा