नशीब आणि पूर्वनियोजन एक नव्हे

महोदय,

आमच्या दारव्हा भागात कपाशी बुडाली की ‘नशिबातच होतं’ असे म्हणण्याची रीत आहे, आणि ख्रिस्ती धर्मातील पूर्वनियोजन (कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, ही शिकवण) म्हणजे हेच, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. पण पूर्वनियोजनाचा प्रश्न पिकापाण्याचा नसून तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, आहे: पापाने ग्रासलेला माणूस स्वतःहून देवाकडे वळू शकतो, की ते वळणेही देवाच्या कृपेचेच दान आहे?

पाचव्या शतकात पेलागियस या ख्रिस्ती धर्मशिक्षकाने माणसाच्या सामर्थ्यावर भर दिला, तेव्हा कृपेवाचून इच्छा दुबळी असल्याचे बिशप ऑगस्टीनने मांडले. पुढे 1618-19 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेने, देवाची निवड माणसाच्या भावी विश्वासावर अवलंबून नाही, असे ठरवून डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांचे मत फेटाळले; अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्लीने मात्र, कृपा सर्वांना आधीच गाठते पण ती नाकारता येते, अशी भूमिका घेतली. यवतमाळ जिल्ह्यात काम केलेले फ्री मेथडिस्ट मिशन याच परंपरेतले. मलाही वेस्लीची बाजू जवळची वाटते, तरी बायबलमधील रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातील कुंभार आणि मातीचा दाखला (कुंभार मातीचे हवे ते भांडे घडवतो, तसा देवाचा माणसावर अधिकार) तिला सहज पचत नाही, हे कबूल केले पाहिजे.

मात्र डॉर्टची बाजू मानणाऱ्या, सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनच्या अनुयायांनीही हातावर हात ठेवून बसा, असे शिकवलेले नाही. प्रार्थना आणि उपदेश ही साधनेही देवानेच नेमली आहेत, असे ते मानतात.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ