युकुलेलेला गवसणी

डोंबिवली (पूर्व)
एप्रिलचा पहिला रविवार

प्रिय शुभा,

फोटो पोहोचला. युकुलेले देखणं आहे, गिटारचं चार तारांचं पिल्लूच जणू, आणि पाचवीच्या पोरांपुढे उभी राहून तू ते वाजवायला लागलीस याचं मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला पेटीवर कोण बसणार हा प्रश्न दरवर्षी तुझ्यापाशीच येऊन सुटायचा. पण फोटोत शेजारी जी काळी पिशवी पडली आहे तिच्याबद्दल तू विचारलंस, "हिच्यात घालून नागपूरला नेलं तर चालेल ना?" नाही चालणार. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं" म्हणून तीच पिशवी घेऊन निघाली असतीस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वाद्याबरोबर फुकट येते ती निव्वळ धुळीची खोळ. तिची भिंत चिमटीत धरून दाब. आतल्या बाजूचं बोट बाहेरच्या बोटाला लागल्यासारखं वाटलं, तर धक्का बसल्यावर वाद्यालाही तेवढंच जाणवणार. बऱ्यापैकी मऊ बॅगेत दहा मिलिमीटर तरी भरीव फोम असतो, चांगल्यात पंधरा-वीस. त्याच्या पुढची पायरी म्हणजे फोम केस: कडक फोमचा वाद्याच्या आकाराचा साचा, बाहेरून नायलॉनचं कापड, आतून मखमल. आणि सगळ्यात वर कडक पेटी, प्लायवूडची किंवा एबीएस प्लास्टिकची.

तुझ्यासाठी माझं मत मधल्या प्रकाराला, म्हणजे फोम केसला. वजन किलोच्या आसपास, पाठीला अडकवायचे दोन पट्टे, आणि साचा आपला आकार सोडत नाही. कडक पेटी ऐकायला भक्कम वाटते खरी, पण दोन किलोचं ते धूड एका हातात धरून तू एसटीत चढणार, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा, आणि तिकिटाचे पैसे काय दातांत धरणार? शिवाय बाहेरून टणक म्हणजे आतून सुरक्षित असं नसतं. वाद्य आत सैल असेल तर पत्र्याच्या डब्यात एकच लाडू ठेवून डबा हलवावा तसं होतं. डब्याला काही होत नाही, लाडवाचा चुरा होतो. कडक पेटीची खरी गरज वर दुसरं सामान पडणार असतं तिथे. मिरजेहून तंबोरे निघतात ते बघ: घरात कापडी गवसणी पुरते, पण लांबच्या प्रवासाला भोपळा जपायचा तर फायबरची पेटीच लागते. तुझ्या युकुलेलेला भोपळा नाही आणि तू ते सामानाच्या डब्यात टाकणारही नाहीस.

आता मापं. "कॉन्सर्ट साइझची बॅग" एवढं सांगून ऑर्डर करू नकोस. ढोबळमानाने युकुलेलेची लांबी सोप्रानो ५३ सेंटिमीटर, कॉन्सर्ट ५८ ते ६०, टेनर ६६, बॅरिटोन ७६, हे खरं आहे, आणि आपल्याकडे दुकानदार इंचांत सांगतात: २१, २३, २६, ३०. पण कॉन्सर्टच्या अंगाला टेनरची लांब मान लावलेलीही वाद्यं मिळतात, आणि अननसाच्या आकाराची तर कमरेलाच सपाट असतात, ती आठच्या आकाराच्या साच्यात बसतच नाहीत. तेव्हा ब्लाऊजची टेप काढ आणि चार मापं घे: डोक्याच्या टोकापासून बुडापर्यंतची लांबी (पट्ट्याचं बटण असेल तर ते धरून), खालच्या गोलाईची सगळ्यात जास्त रुंदी, वरच्या गोलाईची रुंदी, आणि जाडी. जाडी मोजताना टेप घोडीवरून (तारा अंगावर जिथे बांधलेल्या असतात ती पट्टी) घे, कारण वर सगळ्यात उंच तीच असते आणि झाकण आधी तिच्यावरच टेकतं.

केस हातात आल्यावर एक गोष्ट नीट बघ, कारण दुकानात कुणी ती दाखवत नाही. वाद्य आत ठेव आणि बाजूने डोळा खाली नेऊन मानेकडे बघ. मान जिथे संपते आणि डोकं सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे, मानेखाली एक उशी असायला हवी, आणि डोकं मात्र अधांतरी हवं. त्याच्या मागच्या खुंट्या तळाला टेकता कामा नयेत. डोकंच तळावर टेकलं असेल तर केस पाठीवर पडताक्षणी सगळा झटका मानेच्या सगळ्यात बारीक जागी जातो. माझ्या भाच्याच्या युकुलेलेची मान नेमकी तिथेच गेली. पिशवी खुर्चीवरून पडली, तेही फार उंचावरून नाही, पण त्याने सूर जुळवायच्या ट्यूनरचा चिमटा डोक्यावर तसाच ठेवला होता. चिमट्याने डोकं पुढे रेटलं, नटच्या (मान आणि डोकं यांच्यामधली, तारा टेकतात ती पट्टी) मागे केसासारखी रेघ उमटली, आणि तारा चढवल्यावर ती उघडली. म्हणून चिमटा काढून ठेवायची सवय आजपासूनच लाव.

मग केस बंद करून कानाशी धर आणि हळूच तिरकी कर. आतून "डब्" असा आवाज आला तर बुडापाशी जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून सरकव. स्पंज नको, तो दबतो आणि पावसाळ्यात ओल धरतो.

चेनकडेही बघ. स्वस्त बॅगांत चेनचे दात आतून उघडे असतात आणि वाद्य आत-बाहेर करताना त्याच्या कडेवर घासतात. पॉलिशवर बारीक पांढऱ्या रेघा येतात आणि लोकांना वाटतं लाकडाचाच दोष. दातांच्या आत कापडाची पट्टी शिवलेली हवी. आणि बाहेरचा खिसा! हे डिझाइन कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं कुणास ठाऊक, बहुतेक बॅगांचा मोठा खिसा बरोबर घोडीच्या वर येतो. त्यात वही आणि कापड ठेव. चावीचा जुडगा, डबा, स्टीलची बाटली यांतलं काहीही नको. मुंबईत गर्दीत दाबली गेलीस की बाटलीचं बूड थेट वरच्या पातळ फळीवर येतं, आणि ही फळी जेमतेम दोन मिलिमीटरची असते.

पण खरं सांगू? धक्क्यांची मला तुझ्या बाबतीत एवढी काळजी नाही. तू वस्तू जपतेस. मला काळजी आहे ती हवेची. तू चिपळूणहून मे महिन्यात नागपूरला माहेरी जाणार आणि शाळा उघडायला जूनमध्ये परत येणार. लाकडाच्या दृष्टीने याहून वाईट वेळापत्रक मुद्दाम ठरवूनही आखता येणार नाही. लाकडी वाद्याला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. चिपळूणची हवा त्याच्या बरीच वर, नागपूरची मे महिन्यातली दुपार त्याच्या बरीच खाली, आणि पंधरा जूनला पुन्हा धो धो पावसात.

आधी हे बघ की तुझं युकुलेले अखंड फळीचं आहे की प्लायचं. मधल्या गोल भोकाची कड टॉर्चने बघ. वरच्या फळीवरच्या रेषा कडेवरूनही तशाच सलग खाली उतरत असतील तर फळी अखंड. कडेला दोन-तीन वेगळे थर दिसले तर लॅमिनेट. फोटोवरून मला तुझं लॅमिनेट वाटतं, आणि तसं असेल तर आनंद मान. अखंड लाकडाचा आवाज गोड, पण एसटीतून शाळेत न्यायला लॅमिनेटच बरं. थर एकमेकांना धरून ठेवतात, हवेने चटकन तडकत नाही. तरीही मानेवरच्या, बोटं ठेवायच्या पट्टीचं लाकूड आकसतंच. नागपूरला पोहोचल्यावर तीन-चार दिवसांनी मानेच्या कडेवरून नख खालीवर फिरव. फ्रेटची, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या तारांची, टोकं टोचायला लागली तर समज, वाद्य सुकतंय.

उपाय फार सोपा आहे. दोन्ही बाजूंनी काम करणारी, म्हणजे जास्त ओल शोषणारी आणि कमी पडली तर सोडणारी ४९ टक्क्यांची पाकिटं मिळतात, ती केसमध्ये ठेवायची. नाही मिळाली तर साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला वरून भोकं पाड, आत स्पंजचा तुकडा ओला करून घट्ट पिळून ठेव, आणि डबी डोक्याजवळच्या रिकाम्या जागेत ठेव. ठिबकता कामा नये. हे जमतं ते केस बऱ्यापैकी बंद होते म्हणून. त्या पातळ पिशवीत ओल टिकायचीच नाही. परत चिपळूणला आलीस की डबी काढून टाक आणि सिलिका जेल घाल. रंग बदलणारे दाणे घे, म्हणजे भरले की कळतं आणि गरम करून पुन्हा वापरता येतात.

नागपुरात दुसरी गोष्ट. तुझे दादा "गाडीतच राहू दे गं" म्हणतील. नाही राहू द्यायचं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत साठ अंशांच्या वर पारा जातो आणि त्या आसपास वाद्याला वापरलेला सरस सैल पडू लागतो. तारांचा ताण घोडीला सतत पुढे ओढत असतोच. संशय आला तर पातळ कागदाचा कोपरा घोडीच्या मागच्या कडेखाली घालून बघ. शिरला तर घोडी उचलली जाते आहे. लगेच सगळ्या तारा सैल कर आणि दुरुस्तीवाल्याकडे ने. स्वतः फेव्हिक्विक लावू नकोस, मी तुला ओळखते. प्रवासात तारा अर्धा-एक सूर खाली उतरवल्यास तर पुरे. नायलॉनच्या तारांना गिटारच्या पोलादी तारांसारखा जबरदस्त ताण नसतो, पार ढिल्या करायची गरज नाही.

पावसाचं म्हणशील तर कुठलीही केस चेनमधून थोडं पाणी घेतेच, जाहिरातीत काहीही म्हणोत. वर रेन कव्हर हवंच. आणि भिजलेली केस घरी आल्यावर वाद्य बाहेर काढून उघडी टाक, पंख्याखाली. मखमलीला बुरशी लागली की तो वास पुढच्या गणपतीपर्यंत जात नाही. केस खाली कोपऱ्यात नको, २०२१ च्या पुरानंतर तुम्ही बाकीचं सगळं माळ्यावर ठेवता, तिथेच हीही.

एसटीत वरच्या फळीवर ठेवू नकोस, कराडच्या बाजूला जाताना तर नाहीच. कुंभार्ली घाटात पहिल्या वळणाला सामान सरकतं आणि दुसऱ्या वळणाला खाली येतं. मांडीवर घे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने जाशील तेव्हा वरचा बर्थ माग आणि केस आतल्या बाजूला, भिंतीला लावून आडवी ठेव. सीटखाली लोकांच्या ट्रंका पायाने रेटल्या जातात. विमानाने जायचा विचार असेल तर एवढं लक्षात घे की आपल्याकडे केबिन बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो आणि लांबी ५५ सेंटिमीटर. वजनात तू आरामात बसतेस. लांबीत कॉन्सर्टची केस थोडी बाहेर जाते. वरच्या कप्प्यात ती मावते, पण काउंटरवरचा माणूस कुठल्या मूडमध्ये आहे यावर ठरतं. आधी ईमेल करून लेखी परवानगी घे आणि छापून जवळ ठेव. तोंडी "हो मॅडम" कुणी लक्षात ठेवत नाही.

गंमत म्हणजे या वाद्याचा जन्मच जहाजप्रवासातून झाला. माडेरा बेटावरचे पोर्तुगीज कारागीर १८७९ साली रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजाने होनोलुलूला उतरले, त्यांच्याकडच्या छोट्याशा माशेत या वाद्यावरून तिथे युकुलेले घडलं. तेव्हा कुंभार्ली घाट त्याला काही जड नाही, फक्त नीट न्यायला हवं.

मला या आठवड्यात धोबी तलावला जायचंच आहे, जेर महालमधल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात डोकावते. तुझी मापं आली की तिथल्या केस टेप लावून बघते आणि आतल्या उशीचे फोटो पाठवते. पसंत पडली तर घेऊन ठेवते, नागपूरला जाताना दादर स्टेशनवर तुझ्या हातात देईन. पैसे तेव्हाच दे, आधी पाठवू नकोस. काकूंना नमस्कार, आणि पोरांनी शेवटी कुठलं गाणं बसवलं ते कळव.

तुझी,
नीला

ता. क. काळी केस घेणार नाही, उन्हात तापते. राखाडी किंवा फिकट तपकिरी घेईन. लाल हवी असेल तर मापांबरोबरच सांग, घेऊन झाल्यावर कुरकुर चालणार नाही.