गुपित शस्त्राचे असते, किनाऱ्याचे नव्हे

महोदय,
२००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यमापन अधिसूचनेनुसार संरक्षणविषयक प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. शस्त्राचा पल्ला, तंत्रज्ञान गुप्त राहायलाच हवे. त्याबद्दल दुमत नाही. पण कासवे कोणत्या किनाऱ्यावर कधी अंडी घालतात, यात कसले आले गुपित?

ओडिशातील अब्दुल कलाम बेट, म्हणजे पूर्वीचे व्हीलर बेट, हे क्षेपणास्त्र चाचण्यांचे केंद्र. जवळच गहिरमाथा, ऑलिव्ह रिडले कासवांच्या सामूहिक विणीचा किनारा. रात्री वाळूतून वर आलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. जमिनीवर प्रखर दिवे असले की ती उलट्या दिशेला भरकटतात आणि मरतात. आपल्या कोकणातल्या वेळासला याच कासवांची घरटी गावकरी जिवापाड जपतात, म्हणून हे फार लागते.

जानेवारी ते मार्च २०२५ या काळात कलाम बेटावरच्या चाचण्या थांबवण्याचे ठरले होते, याचे मनापासून स्वागत. मात्र हे दरवर्षी कुणाच्या मर्जीवर का राहावे? विणीच्या हंगामातील बंदी आणि दिव्यांवरचे निर्बंध प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या अटींतच लिहावेत. गोपनीय भाग वगळून पर्यावरण परिणामांचा अहवाल प्रसिद्ध करावा आणि तो तिथल्या मच्छीमारांना त्यांच्या भाषेत मिळावा.

– एक वाचक, दापोली