किल्ली आठवत नाही, कंपासपेटी आठवते

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, फॉर्मची शेवटची तारीख निसटली, आणि पहिलीत शेजारी बसणाऱ्या मुलीच्या कंपासपेटीवरचं चित्र मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. "बाबा, माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय." तुझं हे वाक्य काही केल्या मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

बिघडलेलं काही नाही. किल्लीची जागा तू विसरलीस असं तुला वाटतं, पण मुळात ती मनात शिरलीच नव्हती. हात सवयीने किल्ली ठेवत होता आणि मन उद्याच्या कामात होतं. १९७९ मध्ये निकर्सन आणि ॲडम्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक सेंटच्या नाण्याची पंधरा चित्रं लोकांपुढे ठेवली. त्यांतलं एकच बरोबर होतं. रोज हाताळायचं नाणं, तरी निम्म्याहून कमी लोकांना ते ओळखता आलं. नाणं चालवायला त्यावरचा मजकूर नीट बघावा लागत नाही, म्हणून कोणी बघतच नाही. शिवाय रोजची कामं एकसारखी. दाराला कुलूप आज लावलं, की आठवतंय ते कालचं, हे मनाला वेगळं करता येत नाही. म्हणून तू जिन्यावरून परत वर जातेस.

कंपासपेटीचं तसं नाही. नवी शाळा, अनोळखी चेहरे, आई दाराबाहेर गेलेली. मन घाबरलेलं किंवा हरखलेलं असतं तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जोर देतो. मग त्या घटकेला समोर जे असेल तेही आत जातं, उपयोगाचं असो वा नसो. पेटीवरचं चित्र तू जपून ठेवलेलं नाहीस, त्या दिवसाच्या धाकधुकीने ते ठेवलंय.

आजीचं शेवटचं वर्ष तू पाहिलंस. औषध घेतलं का, हे ती दहा मिनिटांत पुन्हा विचारायची. पण शाळेतली कविता सुरू केली की शेवटच्या ओळीपर्यंत अडखळत नसे. पलंगाच्या कडेवर तर्जनीने ठेका धरायची. मध्येच कोणी टोकलं तर पुढची ओळ सुचत नसे, कडव्याच्या आरंभापासूनच जावं लागे. मला ते बघताना उमगलं की प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला हाताला धरून आणते, यमक आणि ताल वाट चुकू देत नाहीत. औषधाच्या गोळीला ना ताल, ना यमक. आणि कविता मुरायला साठ-सत्तर वर्षं मिळाली होती, गोळी आत्ताची. हिप्पोकॅम्पस थकला की आधी ताजं जातं. तुझं विसरणं त्या जातीचं नाही, ही गोष्ट मनाशी पक्की धर.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालू नकोस, मला त्यात काही अर्थ दिसत नाही. किल्लीला एकच जागा ठरव आणि तिथेच ठेव. कुलूप लावताना तोंडाने म्हण, "लावलं." चमत्कारिक वाटेल, पण तेवढ्यापुरतं लक्ष तिथे येतं. तारीख डोक्यात ठेवायचीच नाही, कळली त्याच क्षणी लिहून टाकायची. "संध्याकाळी करीन" असं ठरवलेलं राहून जातं. "चहाचा कप धुतला की फॉर्म भरायला बसेन" असं ठरवलेलं बहुधा होतं, कारण कप स्वतःच आठवण करून देतो.

अभ्यासाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तू तीच पानं पुन्हा पुन्हा वाचतेस हे मला माहीत आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहिणारे पुढे गेले. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. पुस्तक मिटल्यावर खरं काय ते कळतं. तेव्हा मिटून बस, चुकू दे, मग उघडून बघ. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नकोस. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं, ती झोप कापलीस तर शिकलेलंच कापशील.

आजीची ती कविता मला तीन कडव्यांपर्यंतच येते. तिच्याजवळ तू जास्त बसायचीस, तुला सगळी येत असणार असं आई म्हणते. कुठेही न बघता लिहून पाठव. मधली एखादी ओळ सुटली तर जागा तशीच मोकळी ठेव, मी माझ्याकडून भरून बघतो.

तुझे
बाबा