विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांत लघुउद्योजकांनाही जागा हवी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदारांचे जमाखर्च लिहिणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. लहान उद्योजकाला कागद करतानाच कायद्याचा सल्ला मिळत नाही, ही त्या कामात वारंवार जाणवणारी उणीव बडोद्यातील कायद्याच्या शिक्षकांपुढे मांडावी, म्हणून हे पत्र.

लहान उद्योजकाला वकील आठवतो तो पैसे अडकल्यावर, आणि तोपर्यंत जे बिघडायचे ते कागदावर बिघडून गेलेले असते. भागीदारीचेच पाहा. दोन मित्र मिळून लेथ मशीन घेतात, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून जुन्याच मसुद्यात नावे बदलून स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र करून घेतात, नोटरीचा शिक्का उमटला की काम झाले असे समजतात, आणि पेढीची नोंदणी राहून जाते. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातील हक्कासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. हे कळते ते उधारी थकल्यावर. मग आधी नोंदणी, नंतर दावा, आणि तोवर दावा लावण्याची मुदत सरत असते.

उधारीचे दुखणे तर याहून मोठे आहे. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे आलेली पर्चेस ऑर्डर मी पाहिली. पुढच्या बाजूला नग आणि दर, मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत नव्वद दिवसांनी पैसे देण्याची अट. त्याने पुढची बाजू तेवढी वाचून सही केली होती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात; त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेचा निवाडा विरोधात गेला, तर ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय खरेदीदाराला त्याला आव्हानही देता येत नाही. इतके भक्कम संरक्षण असूनही त्या फॅब्रिकेशनवाल्यापाशी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद, नव्हती. ही नोंदणी मोफत होते. पण माल दिल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. हा प्रश्न पुढे मोठ्या पीठाकडे सोपवला गेला असला, तरी आधीच नोंदणी करून ठेवण्यात शहाणपण आहे, आणि एवढे सांगणारे कोणी त्याला वेळेवर भेटायला हवे होते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यातील कलम १२ प्रमाणे उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्री मोफत विधी सेवेस पात्र ठरते, ही बाब घरी नाश्त्याचे पदार्थ करून विकणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना ठाऊक नसेल. परंतु हा हक्क खटला चालवण्याची किंवा लढवण्याची वेळ आलेल्या व्यक्तीसाठी आहे. दुकानदाराशी पुरवठ्याचा करार करायचा असेल किंवा आपल्या नाममुद्रेची (ट्रेडमार्कची) नोंदणी करायची असेल, तर त्या बाईंनी जायचे कुठे?

वकिली आणि कायद्याचे शिक्षण यांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे आवश्यक आहे, आणि मसुदालेखन हा तर सक्तीचा विषय आहे. विद्यार्थी काल्पनिक वादी-प्रतिवादींची कागदपत्रे लिहून गुण मिळवतात, आणि काही किलोमीटरवर खऱ्या माणसांचे खरे करार टायपिस्ट लिहीत असतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिकागो विद्यापीठाच्या विधी शाखेत लहान उद्योजकांना मदत करणारे केंद्र १९९८ पासून चालू आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांना सनद नसते आणि पूर्णवेळ पगारी प्राध्यापकांनाही वकिली करता येत नाही. म्हणून प्रत्येक मसुदा सनदधारक वकिलाने तपासून स्वतःच्या जबाबदारीवर देणे, हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. शिवाय एकाच वसाहतीतील पुरवठादार आणि खरेदीदार दोघेही केंद्रात येऊ शकतात, तेव्हा कोणाचे काम घ्यायचे आणि कोणाला नम्रपणे नकार द्यायचा, याचा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

वकील मंडळींच्या उत्पन्नावर यामुळे गदा येईल असे मला वाटत नाही, कारण मी सांगतो आहे तो माणूस आज वकिलाकडे जातच नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेने आणि शहरातील इतर विधी महाविद्यालयांनी पुढील सत्रापासून आठवड्यातून एक दुपार मकरपुऱ्यात बसून भागीदारीपत्रे, उद्यम नोंदणी आणि पर्चेस ऑर्डरची तपासणी एवढ्याच कामांपासून सुरुवात करावी, आणि समोरच्या माणसाला त्याच्या कागदाचा अर्थ त्याच्या गुजराती, मराठी किंवा हिंदी बोलीत समजावून द्यावा, अशी माझी विनंती आहे. बसायला खोली कारखानदारांनी द्यावी. हिशेबाच्या कागदांची जुळवाजुळव करून द्यायला आमच्यासारखे लोक आनंदाने येतील.

आपला,
एक हिशेबनीस
रावपुरा, बडोदे